फाट्यावरचा गाळा



आधी आजची शेतातली नोंद. हरभरा ६२ दिवसांचा झाला. फुलं सरत आली, घाटे धरतायत. अडीच एकरात पाच कामगंध सापळे आहेत. काल सापळ्यामागं चार पतंग सापडले, आज तीन. पाच ठिकाणी मीटर-मीटर ओळ मोजली, सगळ्या मिळून दोन अळ्या निघाल्या. फुलोऱ्यात लिंबोळी अर्काची एक फवारणी झालेली आहे, पक्षीथांबे उभे आहेत. मीटरला एक-दोन अळ्या किंवा सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले तर औषध, नाहीतर नाही. म्हणून फवारणी केली नाही.

खरं सांगायचं तर काल मी औषध आणायला गेलो होतो. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारावं, हा आपला सगळ्यांचा रोग. फाट्यावर माझे दोन गाळे आहेत, त्यातल्या एकात कृषी सेवा केंद्र आहे. चालवणारा पोरगा कृषी पदविका झालेला. त्यानं बाटली काढायच्या आधी विचारलं, "काका, मोजल्या का अळ्या?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग कशाला पैसे घालता? चार दिवस मोजा, वाढल्या तर या." मी तसाच माघारी आलो. त्याचा हजार-बाराशेचा धंदा बुडाला, माझे तेवढे वाचले.

त्याच्या शेजारचा दुसरा गाळा वर्ष होत आलं रिकामा आहे. बरेच जण विचारतात, रस्त्यावरची जागा, भाडं का घेत नाही. तोंडी सांगून कंटाळलो, आज लिहूनच टाकतो. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, शेतीतलाच विषय आहे.

रस्ता रुंद झाला तेव्हा मी हे दोन गाळे बांधले. कर्ज थोडं, घरचं थोडं. पहिला लगेच गेला, अडीच हजार भाड्यानं. दुसऱ्यासाठी तालुक्याचा एक पोरगा आला. म्हणाला, ऑनलाईन लॉटरीचं दुकान टाकायचंय. भाडं पाच हजार देतो, तीस हजार डिपॉझिट. मी विचारलं, कायदेशीर आहे का? तो म्हणाला, सरकारमान्य आहे काका, फलकच लावणार की. मी हो म्हणालो. शेजारच्या गाळ्याला अडीच आणि याला पाच कशाचे, हे विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. उत्तर माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही, असं आता वाटतं.

दारावर लॉटरीचा फलक, दाराला पडदा, आत तीन कॉम्प्युटर. लॉटरी नावाला, खरं चालायची ती चकरी. शून्य ते नऊ आकडे. दहा रुपये लावा, आकडा लागला तर नव्वद घ्या. दर पंधरा मिनिटाला निकाल. १९९८ च्या लॉटरी कायद्यात एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. हे मला फार नंतर कळलं. पण आत काय चालतं ते बघायला कायदा वाचायची गरज नव्हती. पडदा बाजूला केला की दिसत होतं.

आता हिशोब बघा. दहा जणांनी दहा आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. शंभर गोळा झाले, एकाला नव्वद मिळाले, दहा दुकानात राहिले. आपण आडतीत क्विंटलला दोन किलो कडता घेतला तर बाजार समितीत जाऊन भांडतो. इथं क्विंटलला दहा किलो कडता, तोही दर पंधरा मिनिटाला, त्याच मालावर पुन्हा पुन्हा. शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस जिंकलेलं परत लावत राहिला तर सरासरीनं दहा डावांनंतर त्याच्याकडं पस्तीस उरतात, वीस डावांनंतर बारा. वीस डाव म्हणजे पाच तास. मधेच एखाद्याला नव्वद लागतात आणि ओरडा होतो. बाहेर तेवढाच ओरडा ऐकू येतो. हरलेला माणूस गप्प घरी जातो.

माझा एक सालगडी आहे. त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिहा मालक, फक्त नाव नका टाकू." २०२३ च्या पाडव्यापासून माझ्याकडं आहे. कामाला असा माणूस मिळणं अवघड. बैलं त्याच्या आवाजावर चालतात, रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला मला कधी उठावं लागलं नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी सोयाबीन विकलं. हमीभाव ४,८९२ होता, मला आडतीत ४,१०० मिळाला. भाव पडलेला असला तरी गड्याचे पैसे थांबवायचे नाहीत, ही आमच्या वडलांची शिकवण. त्याला पोरीच्या दवाखान्यासाठी पाहिजे होते, म्हणून सालातले वीस हजार रोख त्याच्या हातात दिले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, पैसे गाडीवरून येताना खिशातून पडले. मी दोन किलोमीटर रस्ता त्याच्याबरोबर चालत शोधला. दोन्ही बाजूची गवतं उलथी केली. तो पण माझ्याबरोबर शोधत होता. काय शोधत होता बिचारा, ते त्यालाच माहीत.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको कापूस वेचायला आली. सकाळी दव होतं, वेचणी सुरू व्हायला वेळ होता. ती बांधावर आली आणि मान खाली घालून म्हणाली, "दादा, त्यो गाळा तुमचाच हाय न्हवं? मग ह्यांना आत घेऊ नका म्हणून त्या पोराला सांगा की. तुमचं ऐकंल त्यो."

पैसे कुठं पडले ते मला तेव्हा कळलं. मी दोन किलोमीटर रस्ता धुंडाळला आणि पैसे माझ्याच गाळ्यात होते. त्यातले काही भाडं म्हणून माझ्याच हातात येणार होते.

मी त्याच दिवशी दुकानात गेलो. त्या पोराला सांगितलं, या माणसाला आत घेऊ नको. तो हसून म्हणाला, "काका, मी कुणाला हाताला धरून आणत नाही. स्वतःच्या पायानं येतात. इथं नाही खेळला तर मोबाईलवर खेळेल." मी म्हणालो, वीस हजार दोन दिवसात गेले, तुला दिसलं नाही का? तर म्हणाला, "दिसलं की. म्हणून तर नंतर उधार दिलं, तेवढीच मदत." आणि त्यानं वही काढली.

ती वही मी अजून विसरलो नाही. आमच्या फाट्यावरची तीस-पस्तीस माणसं त्या वहीत होती. कुणाची ऊसतोडीची उचल कधी येते, कुणाचं दूध डेअरीचं पेमेंट दहा दिवसाला होतं, कुणाचा कापूस घरात आहे, सगळं त्याला माहीत. माझ्या गड्याच्या नावावर सहा हजार उधार आणि पुढं कंसात लिहिलेलं, 'मालक देतील'. म्हणजे त्यानं उधारी दिली ती माझ्या नावावर. पाडव्याला सालाचा हिशोब करताना ते सहा हजार मी कापून त्याला द्यावेत, अशी त्याची अपेक्षा होती. बोलला पण तसं, अगदी सहज. आडत्यानं मागची बाकी कापावी तसं.

तुम्हाला वाटेल मी तिथंच त्याला बाहेर काढलं. नाही काढलं. डिसेंबरचं भाडं घेतलं, जानेवारीचं पण घेतलं. गहू पेरला होता, खताची उधारी होती, बँकेचा हप्ता होता. मी मनाला सांगत होतो, मी थोडाच जुगार चालवतो, मी फक्त जागा दिली. आणि मी नाही दिली तर दुसरा देईल. एक दिवस गव्हाला पाणी धरताना ध्यानात आलं, हेच तर तो पोरगा म्हणत होता. शब्द सुद्धा तेच. त्याचा 'मी बोलावत नाही' आणि माझा 'मी चालवत नाही', दोन्ही एकाच सऱ्यातले.

मग चौकशी केली. तालुक्याला ओळखीचे वकील आहेत, त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. तुमच्याही कामाच्या आहेत.

पहिली, जुगाराच्या पैशाची उधारी कोर्टातून वसूल होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ३० वं कलम सांगतं की पैजेचा करारच रद्दबातल. म्हणजे त्या वहीला कायद्यात किंमत नाही. कुणी दारात येऊन मागत असेल तर घाबरायचं कारण नाही.

दुसरी, आपल्याकडं लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्यात अड्डा चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण जाणूनबुजून त्यासाठी जागा वापरू देणारा मालकही आहे. 'मी फक्त जागा दिली' याला तिथं जागाच नाही.

तिसरी त्यांनी नंतर, गेल्या वर्षी सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाईन खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार धरलेलं नाही. मला हे बरोबर वाटतं. बुडणाऱ्याला दंड करून काय मिळणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी गाळा खाली करून घेतला. तीस हजार डिपॉझिट परत द्यायला हरभरा घाईनं विकावा लागला. ते सहा हजार दिले नाहीत, गड्याच्या सालातून कापलेही नाहीत. दुकान बंद झालं का? नाही. दोनशे मीटरवर, रस्त्यापलीकडं दुसऱ्याच्या गाळ्यात गेलं. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, नंतर दिवाळीच्या आगेमागे अनुदान खात्यावर आलं. त्या आठवड्यात त्या दुकानापुढं मोटारसायकल लावायला जागा नव्हती. अनुदानाची तारीख त्या पोराला बँकेच्या आधी माहीत असावी.

म्हणून काही जण मला म्हणतात, तुझं भाडं गेलं, जुगार तसाच राहिला, काय मिळवलंस? यावर माझ्याकडं मोठं उत्तर नाही. एवढंच की आता मी गड्याच्या बायकोपुढं बांधावर उभा राहू शकतो.

दुसरा एक युक्तिवाद सगळीकडं ऐकू येतो. शेती तरी काय, जुगारच आहे. मीही म्हणायचो. गंमत म्हणजे मटक्याचं मूळ आपल्या कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईला यायचा, त्यावर लोक पैजा लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्यातले शब्द तिथलेच. १९६० च्या दशकात ते भाव बंद झाले, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. म्हणजे कापूस पिकवणारा रानात आणि त्याच्या भावावर पैज लावणारा शहरात. पण शेती जुगार नाही. पाऊस गेला तरी रानात कडबा राहतो, पुढच्या वर्षीचं बी राहतं, अंगात अनुभव राहतो. चकरीत हरलेल्या माणसाकडं पुढच्या हंगामाला काय राहतं? आणि पावसानं आजपर्यंत माझ्याकडून कडता घेतलेला नाही.

आता मुद्द्याचं. आपण दुकानदाराची जबाबदारी कशाला म्हणतो? २०१७ साली यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा सगळ्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? दुकानदारानं कोणतं औषध दिलं, काय सांगून दिलं? बरोबरच विचारला. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. दुकानदाराला परवाना लागतो, शिक्षण लागतं, बिल द्यावं लागतं. कारण तो विष विकतो आणि त्याला ते माहीत असतं. मग जो रोज बघतो की समोरचा माणूस लेकराच्या दवाखान्याचे पैसे लावतोय, त्याला काहीच माहीत नाही असं कसं म्हणायचं? कुठल्याही डॉक्टरपेक्षा त्याला आधी कळतं.

माझा पुतण्या पुण्याला असतो. त्यानं इंग्लंडचं वाचून सांगितलं. तिथं पैजेची दुकानं उघड परवान्यानं चालतात. पण एप्रिल २०१९ पासून दुकानातल्या मशिनवर एका डावाला १०० पौंड लावता यायचे ते २ पौंडावर आणले. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला. आणि माणसानं स्वतः लिहून दिलं की मला आत घेऊ नका, तर दुकानानं त्याला घ्यायचं नाही. आपल्याकडं असे परवाने द्यावेत असं मी म्हणत नाही. बंदी आहे ती असू द्या. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आत घेऊ नका, उधार देऊ नका, मर्यादा घाला, हे तिथं एवढ्या वर्षांनी नियमात लिहिलं. शाळेत न गेलेल्या बाईनं त्यातलं पहिलं माझ्या बांधावर एका वाक्यात मागितलं होतं.

कुणी म्हणेल, बेकायदा धंद्याकडून जबाबदारी कसली मागता? मी म्हणतो, जबाबदारी परवान्यातून येत नाही, माहितीतून येते. ज्याला गिऱ्हाईकाचा खिसा माहीत आहे, त्याच्या घरचं माहीत आहे, आणि तरी तो घेत राहतो, तो जबाबदार आहे. परवाना असो नसो. चकरीवाल्याला हे लागू, उधारीवर महागडं टॉनिक गळ्यात मारणाऱ्याला लागू, आणि दुप्पट भाडं घेऊन न विचारणाऱ्या मला आधी लागू.

पिकात आपण 'आर्थिक नुकसानीची पातळी' पाळतो. अळी दिसली की लगेच मारत नाही, पण पातळी ओलांडली की थांबतही नाही. माणसाच्या बाबतीत ही पातळी कोण मोजतो? खेळणारा मोजू शकत नाही, त्याला पुढचा आकडा दिसत असतो. घरच्यांना फार उशिरा कळतं. मोजू शकतो तो समोर बसून पैसे घेणारा. काल मला औषध न देता परत पाठवणाऱ्या पोरानं मोजलं. त्याच्या शेजारी, एका भिंतीपलीकडं, माझ्याच दुसऱ्या गाळ्यात अडीच वर्षं कुणी मोजलं नाही.

सालगड्याचं विचाराल तर, पूर्ण सुटलंय असं मी लिहिणार नाही. गेल्या पाडव्याला आम्ही ठरवलं, सालाचे अर्धे पैसे बायकोच्या खात्यावर, रोख हातात पाचशेच्या वर नाही. त्यानंच मागितलं तसं. दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितलं. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे, त्यात लाज धरून उपयोग नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. त्यानं एकदा माझ्या फोनवरून लावला होता. काय बोलला ते मी विचारलं नाही, मी लांब जाऊन मोटरीपाशी बसलो.

गाळा द्यायचाच आहे. डाळमिल, पंक्चरचं दुकान, पिठाची गिरणी, दूध संकलन, काहीही चालेल. भाडं अडीच हजार, शेजारच्याएवढंच. जास्त देणारा आला तर मात्र आता विचारणार आहे, जास्त कशाचे.

उद्या सकाळी परत सापळे मोजतो. ढगाळ वातावरण सांगितलंय, घाटेअळीवर लक्ष ठेवा. तुमच्याकडं सापळ्यात किती पतंग येतायत ते कळवा.